सुभद्रेला कोणी सांगितले नाही

दांडिया बाजारातील आमच्या गणेशमंडळाने यंदाच्या उत्सवात ‘संगीत सौभद्र’ करावयाचे ठरविले, आणि मंडळाचे तरुण कार्यवाह एका संध्याकाळी आमच्या घरी आले. “सर, तुम्ही मराठीचे एम. ए. मुलांना जरा नाटक समजावून द्या,” अशी त्यांनी गळ घातली. पाच अंकांचे नाटक आता सबंध कोण करतो आणि कोण पाहतो? भरगच्च पदांपैकी नऊ पदे ठेवावयाची, दोन तासांत प्रयोग आटोपावयाचा आणि आरतीला मोकळे व्हावयाचे, असा एकंदर बेत होता. आम्ही तत्काळ होकार दिला. त्यात थोडा स्वार्थही होता. पंचविशीत असताना ह्याच मंडळाच्या ‘सौभद्रा’त आम्ही बलराम केला होता. गळा नसलेल्या हौशी नटाला त्या नाटकात जेवढी मोठी भूमिका मिळू शकते, तेवढी ती. त्या बलरामाच्या गदेवरील सोनेरी कागद सुटलेला असल्यामुळे तिसऱ्या अंकात प्रेक्षक जे हसले, ते आमच्या अभिनयास हसले असे आम्ही कित्येक वर्षे समजत होतो.

असो. तालमीच्या पहिल्या दिवशी आम्ही कथा सांगितली. मुले ठिकठिकाणी हसली. सुभद्रेचे काम करणारी मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. घरी मराठी बोलते, पण देवनागरी वाचताना अडखळते, म्हणून तिने आपली नक्कल गुजराती लिपीत उतरवून घेतली होती. ती तेवढी हसली नाही. तिने विचारले, “सर, कृष्णाला सगळं माहीत आहे, अर्जुनाला माहीत आहे, प्रेक्षकांना तर पहिल्यापासून माहीत आहे. मग सुभद्रेला कोणीच का सांगत नाही?”

आम्ही म्हणालो, “सांगितले तर नाटक कसे व्हायचे?”

सर्वजण हसले. वर्गात असे उत्तर दिले की विषय संपतो, हे तीस वर्षांच्या नोकरीने आम्हांस शिकविले आहे. येथे मात्र विषय संपला नाही. निदान आमच्यापुरता तरी नाही. म्हणून ह्या महिन्याचे सदर त्या प्रश्नाला दिले आहे.

ज्यांनी हे नाटक पाहिले नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगणे भाग आहे. अर्जुन तीर्थयात्रेस निघालेला आहे. त्याचे सुभद्रेवर प्रेम आहे आणि सुभद्रेचे त्याच्यावर. परंतु तिचा वडील बंधू बलराम याने आपला गदाविद्येतील लाडका शिष्य दुर्योधन ह्याला तिला द्यावयाचे ठरविले आहे. ही वार्ता नारदाकडून कानी पडताच अर्जुनाला जगाचा वीट येतो. कृष्णाच्या मनातून बहीण अर्जुनासच द्यावयाची आहे, पण वडील भावाशी उघड वाद घालणे हा त्याचा स्वभाव नव्हे. तो पडद्यामागून सूत्रे हलवितो. अर्जुन यतीचा वेष घेतो. साधुसंतांवर भाळणारा बलराम त्या यतीला मोठ्या सन्मानाने घरी आणतो आणि त्याच्या सेवेला नेमतो कोणाला, तर सुभद्रेला! तरुण संन्याशाला असे घरात ठेवणे बरे का, अशी शंका कृष्ण वरकरणी काढतो, आणि ती काढल्यामुळेच बलराम अधिक हट्टाला पेटतो. ज्याच्यापासून बहिणीला दूर ठेवावयाचे, त्याच्याच हाती वडील बंधू तिला स्वतः नेऊन देतो. टीकाकार ज्याला नाट्यगत उपरोध म्हणतात, त्याचे ह्याहून सोपे उदाहरण आम्हांला वर्गात देता आलेले नाही. पात्र बोलते एक, प्रेक्षक ऐकतो दुसरे, आणि हसू त्या दोहोंच्या मधल्या फटीतून येते.

हे नाटक रचणारे अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे बेळगाव-धारवाडकडील. १८८० साली त्यांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ मराठीत गाते केले. परंतु ते कालिदासाचे होते. ‘सौभद्र’ अण्णासाहेबांचे स्वतःचे. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात त्याचा पहिला प्रयोग झाला, तो पहिल्या तीन अंकांचाच. पाचही अंकांचे नाटक रंगभूमीवर आले ते १८८३ च्या मार्चमध्ये. भागवतात अर्जुन यतिवेषाने द्वारकेत पावसाळ्याचे चार महिने राहिला असे सांगितले आहे. पुण्याच्या रसिकांनाही सुभद्रेचे पुढे काय झाले हे कळण्यास चार महिने थांबावे लागले. त्या पहिल्या रात्री घरी परतलेल्या प्रेक्षकांइतकी सुभद्रेची मनःस्थिती पुढे कोणत्याच प्रेक्षकाला कळली नसेल, असे आम्हांस वाटते. त्यांच्यासाठीही शेवट अद्याप लिहून व्हावयाचा होता.

आम्हां बडोदेकरांना ह्या नाटकाचा आणखी एक जिव्हाळा आहे. एक तर त्याचे सारे स्थळ आपल्या गुजरातेतले. द्वारका आपली, रैवतक म्हणजे आपला गिरनार. पण किर्लोस्करांच्या द्वारकेत यादव राहतात असे वाटतच नाही. तेथील रुसवेफुगवे, वडीलधाऱ्यांपुढे खाली घातलेल्या माना, नणंदा-भावजयांची कुजबुज, लग्नघरातील मानपान, हे सगळे पेठेतल्या एखाद्या वाड्यातले. यादवांना पुणेकर केल्याबद्दल त्या नाटकाला नावे ठेवणारे ठेवोत. पिढ्यानपिढ्या गुजरातेत राहून उंबऱ्याच्या आत पुणे-सातारा जपणाऱ्या आपल्यासारख्यांना ती द्वारका परकी वाटण्याचे कारण नाही. आपण सगळे त्याच द्वारकेत राहतो.

दुसरा जिव्हाळा सुभद्रेचा. ती बडोद्याची होती. भाऊराव कोल्हटकर १८६३ साली बडोद्यास जन्मले. ज्या सयाजीराव महाराजांनी पुढे हे शहर घडविले, त्यांचेही जन्मसाल तेच. संस्थानच्या नोकरीत असलेल्या ह्या देखण्या, गोड गळ्याच्या तरुणाला किर्लोस्करांनी १८८२ मध्ये आपल्या मंडळीत नेले आणि सुभद्रा दिली. ‘भावड्या’ ह्या लाडक्या नावाने अवघा महाराष्ट्र त्याला ओळखू लागला. तो १९०१ मध्ये अडतिशीच्या आतच गेला. त्याच्यामागून नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, सुभद्रा झाले. त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीला बडोद्याचा राजाश्रय होता, हे आपले वडील-आजोबा अभिमानाने सांगत. म्हणजे स्त्रीच्या मनातील प्रेम मराठी रंगभूमीवर प्रथम मोकळेपणाने बोलले, ते पुरुषाच्या तोंडून. खऱ्या सुभद्रा तेव्हा कोठे होत्या, हे पुढे येईलच.

आधी त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू.

महाभारताच्या आदिपर्वात हा प्रसंग पाहिला तर तेथे यतिवेषही नाही आणि पदेही नाहीत. रैवतकाच्या उत्सवात अर्जुनाला सुभद्रा दिसते, तो मोहित होतो, आणि कृष्ण त्याला शांतपणे सल्ला देतो की, स्वयंवराचा भरवसा नाही, मन कोठे वळेल हे सांगता येत नाही, तेव्हा तू तिला उचलून ने. बलराम संतापतो, कृष्ण त्याला समजावितो, लग्न लागते. ह्या सगळ्या बोलण्यात सुभद्रेला कोणी एक प्रश्न विचारीत नाही. किंबहुना, तिचे मत निराळे पडेल ही भीती हेच हरणाचे कारण! बलरामाने दुर्योधनाला वचन देणे आणि अर्जुनाने त्रिदंडी संन्यासी होणे, हा भाग भागवताचा. किर्लोस्करांनी भागवताचा सांगाडा घेतला आणि त्यात दोन्ही ग्रंथांपेक्षा कितीतरी अधिक जागा सुभद्रेच्या मनाला दिली. त्यांची सुभद्रा आधीपासून प्रेमात आहे. ती आपल्या सखीजवळ, कुसुमावतीजवळ, मन मोकळे करते. आता आपण कोणाच्या आश्रयाला जावे, असे विचारणारे तिचे पद तर नाट्यसंगीताच्या मैफलींत आजही गायिले जाते. जिला मन आहे, ते मन कोणावर जडले आहे हे जिला ठाऊक आहे, आणि जी ते गाऊन सांगते, अशी नायिका १८८२ साली रंगभूमीवर उभी करणे ही लहान गोष्ट नव्हती.

किती मोठी गोष्ट होती, हे मुंबईच्या न्यायालयात लवकरच दिसून आले. रखमाबाई हे नाव वाचकांच्या परिचयाचे असेल. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न लावून दिलेले होते. वयात आल्यावर त्यांनी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. पतीने १८८४ मध्ये दावा गुदरला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण १८८७ मध्ये न्यायालयाने फर्माविले की नांदावयास जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली. १८८८ मध्ये तडजोड होऊन त्या सुटल्या, विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या, आणि पुढे अनेक वर्षे त्यांनी सेवा केली ती आपल्या शेजारच्या सुरतेत. त्यांच्याविरुद्ध लेखण्या सरसावणाऱ्यांत पुण्यातील किती तरी विद्वान होते. ह्याच वर्षांत ‘सौभद्रा’चे प्रयोग गाजत होते. रात्री नाट्यगृहात बसून बलरामाच्या हट्टाला हसलेले किती गृहस्थ सकाळी आपापल्या घरी बलराम होऊन उठत असतील, ह्याचा हिशेब कोण ठेवणार? आपल्या बडोदे राज्यात बालविवाहाला बंदी करणारा कायदा झाला १९०४ साली.

हे सर्व मान्य केले तरी प्रश्न उरतोच. सुभद्रेला मन दिले, गळा दिला, मग माहिती का दिली नाही?

नाटकात एक प्रसंग आहे. कृष्णाच्या योजनेप्रमाणे घटोत्कच निजलेल्या सुभद्रेला महालातून उचलून अरण्यात, अर्जुन असतो तेथे आणून ठेवतो. अर्जुनाच्या दृष्टीस ती पडते न पडते तोच पुन्हा दुरावते. प्रेक्षकांच्या दृष्टीने हा गमतीचा भाग. राक्षस आहे, पण आपला आहे. भय आहे, पण खोटे आहे. सुभद्रेच्या बाजूने पाहिले तर काय आहे? आपण आपल्या शय्येवर निजलो होतो आणि राक्षसाच्या हाती सापडलो. जे घडले ते स्वप्न म्हणावे तर खरे, आणि खरे म्हणावे तर त्याचा अर्थ सांगणारे घरात कोणी नाही. अर्थ ठाऊक असलेला भाऊ समोर उभा राहून गालांतल्या गालांत हसतो आहे. बलराम तिला न विचारता दुर्योधनाकडे पाठवू पाहतो. कृष्ण तिला न विचारता अर्जुनाकडे पाठवितो. कृष्णाची दिशा तिच्या मनाजोगी आहे हे खरे. पण उचलून नेताना ती दोन्ही वेळा निजलेलीच आहे.

तरुणपणी बलरामाची भाषणे पाठ करताना हे आमच्या ध्यानात आले नाही. एम. ए.च्या वर्गात ह्या नाटकावर आम्ही वीस पृष्ठांचा निबंध लिहिला, तेव्हाही नाही. ध्यानात आले ते एका घरगुती प्रसंगाने. तो प्रसंग सांगावा की न सांगावा, ह्याचा आम्ही बराच विचार केला. ज्या व्यक्तीचा त्याच्याशी संबंध, तिने हसून परवानगी दिली, म्हणून सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कन्येचे मन तिच्या एका सहाध्यायावर आहे, हे आमच्या सौभाग्यवतींकडून आम्हांस कळले. मुलगा गुजराती, घराणे सुशिक्षित, मुलगा नोकरीस लागलेला. आम्ही बलराम व्हावयाचे नाही, हे आमचे पूर्वीच ठरलेले होते. एका रविवारी कोणास न सांगता आम्ही कारेलीबागेत मुलाच्या वडिलांकडे गेलो. गृहस्थ मोकळ्या मनाचे निघाले. चहा झाला, नाश्ता झाला, आणि तासाभरात आम्ही एकमेकांना ‘वेवाई’ म्हणू लागलो. येथवर सर्व उत्तम होते. परंतु आमच्यातील जुना नट जागा झाला. एवढी गोड बातमी साधेपणाने सांगावयाची? तिच्या वाढदिवसाला सहा आठवडे होते. त्या दिवशी ती मंडळी अचानक घरी येतील, असा बेत आम्ही केला. मुलाला त्याच्या वडिलांनी सांगितले, पण तिला कळू द्यावयाचे नाही अशी शपथ घातली. एवढ्यावरही थांबलो नाही. रंग भरावा म्हणून आम्ही पुण्याच्या एका स्थळाची गोष्ट घरात काढली. जेवताना त्या काल्पनिक मुलाचा पगार आणि उंची सांगू लागलो. ती पानावरून लवकर उठू लागली. आमच्या सौभाग्यवतींनी दोनदा म्हटले, “पुरे झालं आता, सांगून टाका.” आम्ही म्हणालो, “अजून चौथा अंक चालू आहे.” हे वाक्य आम्हांस त्या वेळी फार चतुर वाटले होते.

वाढदिवसाच्या दिवशी वेवाई मंडळी पेढ्यांचे खोके घेऊन आली. सगळे हसत होते. मुलगी दारात उभी राहिली, सर्वांकडे एकदा पाहिले आणि स्वयंपाकघरात निघून गेली. आम्ही समजलो, आनंदाश्रू. आत गेलो तर ती ओट्याला टेकून उभी होती. ती म्हणाली, “बाबा, सहा आठवडे मला झोप नाही. रोज वाटायचं, हे स्वप्न असेल, सकाळी संपेल. आणि तुम्ही सगळे बघत होता.”

तिने आवाज चढविला नाही. पुढे सर्व यथास्थित झाले. लग्न झाले, जावई आम्हांला मुलासारखे आहेत, आणि परवा नातवाने गुजरातीत आम्हांला ‘नाना’ म्हटले तेव्हा आजोबा म्हणावयास लावण्याची आमची खटपट फुकट गेली. पण ‘आणि तुम्ही सगळे बघत होता’ हे तिचे वाक्य गेलेले नाही. बलरामावर रागावता येते, त्याच्याशी भांडता येते. चांगुलपणाने फसविणाऱ्या कृष्णाशी भांडावयाचे तरी कसे? शेवटी त्याने भलेच केलेले असते.

आता त्या खऱ्या सुभद्रांविषयी. आमच्या बडोद्यात एक सुभद्राहरण खरोखरच घडले होते, आणि त्यात कृष्ण नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत किराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ येथे दरबारी गवई होते. राजघराण्याशी नाते असलेल्या माने सरदारांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत असे. गुरू घरात आला तो वडीलधाऱ्यांच्या संमतीनेच, द्वारकेतल्या त्या यतीसारखा. दोघांचे प्रेम जमले. येथे कोणी बलरामाची समजूत घातली नाही, पाचव्या अंकात अक्षता पडल्या नाहीत. दोघांना बडोदे सोडावे लागले आणि त्यांनी मुंबईस संसार थाटला. ताराबाई निजलेल्या नव्हत्या. आपण काय सोडतो आहोत हे जाणून त्या जाग्या डोळ्यांनी गेल्या. नाटक जेथे संपते, त्याच्या पुढचा अंकही त्यांना जगावा लागला. १९२२ च्या सुमारास त्या खाँसाहेबांपासून विभक्त झाल्या आणि मुलांना घेऊन स्वतंत्र राहू लागल्या. जे सोडले त्याचे नाव मात्र त्या घराने टाकले नाही. मुलगा सुरेशबाबू माने म्हणून गाजला. आणि मुलगी हिराबाई बडोदेकर! गाव सोडून गेलेल्या आईच्या मुलीने गावाचेच नाव लावले.

ह्याच हिराबाईंनी १९२९ च्या सुमारास आपल्या भावंडांसह नाटक मंडळी काढली. पुरुषांबरोबर स्त्रियांनी उभे राहावे हे तेव्हाच्या रंगभूमीला नवीन होते. त्यांच्या नाटकांत ‘सौभद्र’ होते. भाऊरावांपासून बालगंधर्वांपर्यंत ज्या सुभद्रेचा गळा पुरुषाचा होता, तो आता स्त्रीचा झाला. आईच्या आयुष्यात जे घडले ते ज्या मुलीला ठाऊक होते, तिने आता कोणाचा आश्रय, असे विचारणारे ते पद रंगभूमीवर कसे गायिले असेल? ध्वनिमुद्रिकांवर हिराबाईंचा स्वर ऐकला आहे. तो सौम्य आहे, आक्रोश करीत नाही. पण रंगमंचावरील ती रात्र आता कोण सांगणार?

पुढच्या तालमीला ही हकीकत आम्ही त्या मुलीला सांगितली. आमच्या घरची नव्हे, ताराबाईंची. तिने सर्व ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “सर, शेवटी यती म्हणजे अर्जुनच हे कळल्यावर सुभद्रा लगेच लाजते, असं लिहिलंय. लगेच लाजायलाच पाहिजे का?” दिग्दर्शक म्हणाले, पुढे मंगलाष्टके आहेत, आरतीची वेळ होते. आम्ही म्हणालो, क्षणभर थांबलीस तर हरकत नाही.

प्रयोग उत्सवाच्या सहाव्या दिवशी झाला. मंडपात गर्दी चांगली होती. पुढच्या रांगेत ज्येष्ठ मंडळी आपापली आसने घरून घेऊन बसली होती. बलराम यतीच्या पायांवर डोके ठेवून सुभद्रेला सेवेस लावतो तेथे हशा पिकला. यंदाच्या गदेचा कागद शेवटपर्यंत टिकला. आमची कन्याही जावयांसह आली होती आणि आमच्या शेजारी बसली होती.

शेवटी यतीचा वेष उतरला. अर्जुन हात पुढे करून उभा राहिला. सुभद्रेने त्याच्याकडे पाहिले. मग वळून कृष्णाकडे पाहिले, आणि तशीच पाहत राहिली. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला. मुलगी भाषण विसरली असे वाटून विंगेतील प्रॉम्प्टरने पुढचे वाक्य सांगितले, मग दुसऱ्यांदा जरा मोठ्याने सांगितले, ते चौथ्या रांगेपर्यंत आम्हां सर्वांना ऐकू आले. कोणी हसले नाही. कृष्णाचे काम करणाऱ्या मुलाला हे ठाऊक नव्हते. त्याने नजर खाली घातली.

आमच्या कन्येने पुढे वाकून पाहिले आणि आमच्या कानाशी हळूच विचारले, “हे तुम्ही तिला सांगितलंत?”

आम्ही म्हणालो, “नाही. तिचं तिनेच.”

मग सुभद्रा अर्जुनाकडे वळली, आणि मंगलाष्टके सुरू झाली.